स्वस्त डिझेल, महाग बांगडा

बांगडा महागला की आमच्या घरी पहिला प्रश्न ठरलेला, "ट्रॉलर गेले नव्हते काय?" मी अर्थशास्त्र शिकते, म्हणून मला उलटाच प्रश्न पडतो. मासा कमी झाला, तरी ट्रॉलर जातात कसे?

हिशेब साधा आहे. जाळ्यात मासळी कमी येऊ लागली की डिझेलचा खर्चही सुटत नाही. मग काही मालक बोटी किनाऱ्याला ठेवतात आणि तेवढ्यात मासळीला वाढायला उसंत मिळते. पण सरकारने डिझेल स्वस्त दिलं, बोट बांधायला पैसे दिले, तर तोट्याची फेरीही परवडते. संशोधकांच्या अंदाजाने 2018 साली जगभरात मासेमारीला सुमारे 35 अब्ज डॉलरचं सरकारी साहाय्य मिळालं. त्यातले 22 अब्ज बोटींची ताकद वाढवणारे, म्हणजे माशांना घातक. आज जगातल्या माशांच्या एक तृतीयांशाहून जास्त साठ्यांतून निसर्ग भरून काढू शकणार नाही इतकी मासळी उपसली जाते.

अनुदानाचे नियम हा जागतिक व्यापार संघटनेचा प्रांत, म्हणून हा विषय तिच्याकडे गेला. 2001 साली दोह्यात बोलणी सुरू झाली. करार झाला 17 जून 2022 रोजी जिनिव्हात आणि दोन तृतीयांश सदस्यांनी स्वीकारल्यावर तो 15 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला. तो तीन ठिकाणी अनुदान बंद करतो: बेकायदा मासेमारी करणाऱ्या बोटींना, आधीच अति उपसलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला, आणि ज्या खुल्या समुद्रावर कुठल्याही देशाची वा प्रादेशिक संस्थेची देखरेख नाही, तिथल्या मासेमारीला. साठा पुन्हा वाढवण्यासाठी दिलेली मदत मात्र चालते.

मग घोडं अडलं कुठे? गरजेपेक्षा जास्त बोटी उभ्या करणाऱ्या अनुदानावर एकमत झालंच नाही. 2024 साली अबू धाबीतही बोलणी फिसकटली. भारताचं म्हणणं असं, की दूरच्या समुद्रात मोठे ताफे पाठवणाऱ्या देशांनी आधी हात आखडावा आणि विकसनशील देशांना 25 वर्षांची मुदत मिळावी. अनुदान मोजायचं तर दर मच्छीमारामागे मोजा, देशाचा एकूण आकडा बघू नका. करार लागू झाला तेव्हा तो स्वीकारणाऱ्यांत भारत नव्हता.

माझा मामा होडीला मोटर लावून किनाऱ्याजवळच जाळं टाकतो. त्याला हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, "म्हणजे आमचं पेट्रोलचं अनुदान जाणार?" म्हटलं, या करारात तसं नाही. तो म्हणाला, "मग त्या मोठ्यांचं तरी जाणार काय?" यावर मी गप्प.

मला भारताची मागणी निम्मी पटते. मामाची होडी आणि महिनोन् महिने समुद्रात राहणारं जहाज एकाच मापाने मोजणं अन्यायच. पण मामाच्या नावाने मागितलेली 25 वर्षांची सवलत आपल्याच मोठ्या ट्रॉलरनी वापरली, तर मामाच्या जाळ्यात काय उरेल? करारातच एक कलम आहे: चार वर्षांत उरलेले नियम ठरले नाहीत आणि सदस्यांनी वेगळा निर्णय घेतला नाही, तर हा करारच संपेल. म्हणजे मुदत सप्टेंबर 2029. तोवर लहान कोण आणि मोठा कोण, ही रेघ आपण आपल्या किनाऱ्यावर तरी ओढायला हवी.