हवा टिकते म्हणून टायर सुरक्षित नसतो

पावसाळ्यात गाडी खड्ड्यात दणकन आदळते. तेव्हा काही कळत नाही, पण दोन-चार दिवसांनी टायरच्या बाजूला अर्ध्या लिंबाएवढा फुगा दिसतो. मालक दुकानात जाऊन विचारतो, "हवा तर कमी होत नाही, मग चालवायला काय हरकत आहे?" टायरबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ याच प्रश्नात आहे. हवा टिकते की नाही यावरून टायर सुरक्षित आहे की नाही, हे ठरतच नाही.

टायरमध्ये हवा अडवून धरतो तो आतला पातळ रबरी थर. गाडीचं ओझं आणि हवेचा दाब पेलतात ते रबरात गाडलेले धागे. कारच्या रेडियल टायरमध्ये हे धागे बहुधा पॉलिएस्टरचे असतात आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे गेलेले असतात. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीखाली त्यांच्यावर पोलादी तारांचे पट्टे असतात, पण बाजूच्या भिंतीत, म्हणजे साइडवॉलमध्ये, हे पट्टे नसतात. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये साइडवॉल चिमटली की आतले धागे तुटतात. रबर मात्र ताणून पुन्हा जागेवर येतं, म्हणून वरून काहीच दिसत नाही. मग तुटलेल्या जागी हवेचा दाब रबराला बाहेर ढकलतो. ३०-३५ पीएसआयचा दाब तिथे नुसत्या रबरावर आलेला असतो.

अशा फुग्याला दुरुस्ती नाही. लहान असला तरी नाही, नवा टायर असला तरी नाही. "हायवेला नको, गावातल्या गावात चालेल" हाही धोकादायक सल्ला आहे. कमी वेगात टायर कमी तापतो हे खरं, पण गावातले खड्डे आणि गतिरोधक त्याच जागेवर पुन्हा दणका देतात. फुगा कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. चाक काढून स्टेपनी लावणं, एवढाच मार्ग आहे.

याच्या उलट चूकही होते. साइडवॉलवर बोट फिरवताना एखादी उभी, उथळ खाच लागते आणि माणूस घाबरून चांगला टायर बदलायला निघतो. धाग्यांच्या थराची दोन टोकं जिथे एकावर एक चढवून जोडलेली असतात, तिथे ती जागा थोडी जास्त मजबूत असते आणि हवा भरल्यावर बाकीच्या भागापेक्षा कमी ताणली जाते. म्हणून तिथे खाच दिसते. हा बनावटीचा भाग आहे, दोष नव्हे. साधी परीक्षा अशी: टायर पुसून त्यावर तळहात फिरवा. आत गेलेली खाच असेल तर काळजी नको. बाहेर आलेला उंचवटा असेल तर टायर बाद.

टायर कापला गेला असेल तर आधी तो धुवा. चिखल बसलेल्या कापावरून काहीच ठरत नाही. धुतल्यावर उजेडात पाहा. फुटपाथला घासून नुसतं वरचं रबर खरवडलं असेल तर सहसा भीती नाही, पण लक्ष ठेवा. कापाच्या तळाशी धागे दिसत असतील, किंवा नक्षीतून तार डोकावत असेल, तर तो टायर पुन्हा रस्त्यावर नेऊ नका. नक्षीच्या कापातून पाणी पोलादी पट्ट्यांपर्यंत गेलं की तारा गंजतात आणि वरचं रबर त्यांच्यापासून सुटू लागतं.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: "ट्यूब टाकून घ्या, वर्षभर चालेल." ट्यूब हवा धरेल, पण तुटलेल्या धाग्यांची ताकद ती कुठून आणणार? शिवाय ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब आतून घासते, तापते आणि फाटली तर हवा एकदम जाते. साइडवॉलला आतून लावलेल्या पॅचचंही तेच. गळती थांबते, कमजोरी तशीच राहते.

पंक्चरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते प्रत्येकाच्या वाट्याला येतं. टायर रिमवरून न उतरवता बाहेरून चिकट स्ट्रिप खुपसली की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. ही स्ट्रिप घरी पोचण्यापुरती ठीक आहे. पक्की दुरुस्ती म्हणजे टायर उतरवून आतून लावलेला मशरूम पॅच. त्याचा दांडा भोक भरतो आणि टोपी आतला थर बंद करते. तीही भोक नक्षीच्या मधल्या भागात आणि साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असेल तरच. कडेच्या खांद्यावर किंवा साइडवॉलवर पंक्चर असेल तर टायर बदलायचा.

टायर उतरवण्याचं आणखी एक कारण आहे. हवा गेलेल्या चाकावर गाडी थोडी जरी चालली, तरी साइडवॉल आतून दुमडून घासली जाते. उतरवलेल्या टायरच्या आत काळी रबरी भुकटी दिसली, किंवा भिंतीवर गोलाकार चरा उठलेला दिसला, तर पंक्चर कितीही छोटं असलं तरी तो टायर गेला. बाहेरून हे कळत नाही. पंक्चरवाल्याकडे उभे असाल तर टायरच्या आत स्वतः डोकावून बघा. आणि रस्त्यात खिळा घुसलेला दिसला तर तो उपटू नका. बऱ्याचदा त्यानेच हवा अडवलेली असते.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही" हा गैरसमज विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात जास्त घातक ठरतो. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, आणि त्या वाकण्यानेच टायर आतून तापतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेला दाब ठेवा आणि तो टायर थंड असताना मोजा. नायट्रोजन भरल्याने जखमी टायर सुरक्षित होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

समृद्धी महामार्गाबद्दल "सिमेंटच्या रस्त्याने टायर फुटतात" असं सर्रास ऐकू येतं. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. टायरवर आकाराच्या आकड्यांनंतर टी अक्षर असेल तर तो १९०पर्यंत, एच असेल तर २१०पर्यंतच्या वेगासाठी बनलेला असतो. पण ही हमी धडधाकट, योग्य हवा भरलेल्या टायरची आहे. कमी हवा, जादा ओझं, जुनी जखम आणि तासन्‌तास न थांबता ठेवलेला वेग एकत्र आले की ती हमी संपते.

नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. खोबणीतल्या छोट्या उंचवट्यांना नक्षी टेकली की टायर संपला. टायरचं वय साइडवॉलवरच्या चार आकड्यांत असतं: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा.

दिवाळीच्या प्रवासाआधी पाचही टायर पाहा, स्टेपनीसकट. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली बाजूही पाहा. तिथला फुगा एरवी दिसत नाही. आणि फुगा आलेला टायर दुकानात सोडताना त्याची साइडवॉल समोर उभं राहून कापून घ्या. नाहीतर तोच टायर ट्यूब टाकून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागू शकतो.