नाताळची रोषणाई, अरुंद आळी आणि मोजपट्टी



डिसेंबर निम्मा सरला की आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या आळ्या उजळायला लागतात. घराघरावर स्टार, झाडांना माळा, कोपऱ्यावरच्या क्रुसाला रोषणाई. आळीतली पोरं रात्र रात्र जागून बांबू, पेंढा आणि गोणपाट यांचा येशूजन्माचा गोठा उभा करतात. तो बघायला लांबलांबून माणसं येतात. आमच्या शाळेतली तर सगळ्या धर्मांची मुलं येतात, हट्ट करून येतात. अडचण एकच, बहुतेक जण गाडीत बसून येतात.

दोन वर्षांपूर्वी पंचवीस तारखेच्या रात्री आमच्या आळीतल्या एका आजींच्या छातीत दुखू लागलं. १०८ ला फोन केला, रुग्णवाहिका वेळेवर आलीही, पण आळीच्या तोंडापर्यंतच. तिथून आजींचं घर जेमतेम दोनशे मीटर. मध्ये दोन्ही टोकांनी शिरलेल्या गाड्या समोरासमोर अडकलेल्या, मागे घ्यायला जागा नाही, आणि मधल्या फटीत दुचाक्या. शेवटी चौघांनी आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून नेलं. आजी वाचल्या, म्हणून आज हे मोकळेपणाने लिहिता येतंय.

जानेवारीत शाळा सुरू झाल्यावर सातवीच्या वर्गात मी फळ्यावर प्रश्न लिहिला, 'रुग्णवाहिका का अडकली?' उत्तरं ठरलेली आली. लोकांना शिस्त नाही, पोलीस नव्हते, गर्दी फार होती. मी म्हटलं, बरं, चला मोजूया. मोजपट्टी घेऊन आळीत गेलो. रस्ता भरला ४ मीटर. उभ्या असलेल्या एका मोटारीची रुंदी भरली साधारण पावणेदोन मीटर. म्हणजे एका बाजूला एकच गाडी लावली तरी उरले सव्वादोन मीटर. रुग्णवाहिकेला सुमारे २ मीटर लागतात, आणि अग्निशमन दलाचा मोठा बंब असतो अडीच मीटरच्या आसपास. एक मुलगी पटकन बोलली, "बाई, मग बंब येऊच शकत नाही!" बरोबर. शिस्तीने, एका रांगेत, कडेला चिकटून गाड्या लावल्या तरीही नाही.

दुसरं गणित वेगाचं. ताशी २० किलोमीटर म्हणजे आपल्याला हळूच वाटतं. पण सेकंदाला साडेपाच मीटर होतात. चालवणाऱ्याने दोन सेकंद मान वळवून स्टार बघितला, की गाडी ११ मीटर न बघता पुढे गेली. आमच्या वर्गाची लांबीही तेवढी नाही! आणि रोषणाई तर मान वळावी म्हणूनच केलेली असते. त्यामुळे 'गाडी हळू चालवा' असा फलक लावून फारसं काही होत नाही, असं माझं मत झालंय. बघणारा पायी असावा आणि गाडी आळीच्या बाहेर, याला दुसरा पर्याय मला तरी दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही बरं का. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा डायकर हाईट्स हा भाग घरांवरच्या नाताळ रोषणाईसाठी प्रसिद्ध आहे. तिथे पर्यटकांच्या बसगाड्या येतात, रस्ते तुंबतात. तिकडेही जाणकार हाच सल्ला देतात, मेट्रोने या आणि चालत फिरा.

गेल्या नाताळात आळीने हे करून बघितलं. आधी वाहतूक पोलीस आणि महानगरपालिकेकडे अर्ज दिला. रस्ता आपल्या मनाने बंद करता येत नाही, हे मुलांनाही कळायला हवं. जवळच्या मैदानात गाड्या लावायची सोय केली. तिथून गोठ्यापर्यंत चालत पाच मिनिटं. संध्याकाळी सात ते दहा आळीत फक्त रहिवाशांच्या गाड्या, लोकांचा प्रवेश एका टोकाने आणि बाहेर पडायचं दुसऱ्या टोकाने. ज्यांना चालवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी एक रिक्षा ठेवली. तोंडाशी आडवा बांबू होता, तो एका माणसाला एका हाताने उचलता येईल असा. दोरीने करकचून बांधलेला अडथळा ऐनवेळी सोडवत बसायचा, म्हणजे पुन्हा आजींचीच गत.

गोठ्यासमोरच्या गर्दीचं गणितही मुलांनीच काढलं. वर्गात खडूने एक मीटर बाजूचा चौकोन आखा आणि मुलांना एकेक करून आत उभं करा. दोन जण आरामात उभे राहतात, चार झाले की दाटी होते, सहा झाले की हात वर काढता येत नाही. गोठ्यासमोर जागा होती २० चौरस मीटर. चौकोनाला दोन धरले तर ४० माणसं. तेवढी झाली की दोरी धरून मागच्यांना थांबवायचं. पालकांनो, हा प्रयोग घरी पण करून बघा, मुलं विसरत नाहीत.

आमच्याकडे आणखी एक धोका आहे, तो बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. रस्त्याला लागून असलेली बावखलं. डिसेंबरात त्यांच्यात पाणी असतं, त्यात दिवे सुंदर दिसतात, आणि फोटो काढताना माणूस एकेक पाऊल मागे सरकतो. लखलखाटातून अंधारात वळल्यावर डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही. अंधाराला पूर्ण सरावायला तर वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून बावखलाच्या कडेने बांबूचं कुंपण घातलं आणि एक साधा पिवळा दिवा फक्त त्या कुंपणावर सोडला. सगळ्या रोषणाईत मला तो दिवा जास्त मोलाचा वाटतो.

विजेचं थोडक्यात सांगते. वायरचे जोड लहान मुलाच्या हाताला लागणार नाहीत इतके उंच, जमिनीवर पसरलेले नकोत. माळांच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घ्या, वायरमनकडूनच. पेंढ्याजवळ तापणारे हॅलोजन नकोत, एलईडी चालतील. वाळूची बादली हाताशी ठेवा.

एका बाबतीत मात्र माझा आळीतल्या मंडळींशी वाद झाला. त्यांना आठवी-नववीच्या मुलांना शिट्टी देऊन गाड्या अडवायला उभं करायचं होतं, मुलं पण एका पायावर तयार. मी नाही म्हटलं. चालत्या गाडीसमोर उभं राहायचं काम मोठ्या माणसांचं, तेही चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घालून. मुलांना आतली कामं दिली. वाट दाखवणं, माणसं मोजणं आणि हरवलेल्या लहानग्यांना क्रुसापाशी आणून बसवणं. येणाऱ्या पालकांना आत शिरतानाच सांगितलं होतं, चुकामूक झाली तर क्रुसापाशी या, आणि मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. तीन मुलं हरवली, तिन्ही दहा मिनिटांत सापडली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. मैदानातून चालत यायला लागतं म्हणून काही जण चिडून परत गेले, आणि एका काकांनी मला चांगलंच सुनावलं.

यंदा नव्या सातवीने आळी पुन्हा मोजली. एका घराने पुढे ओटा वाढवलाय. त्या ठिकाणी ४ मीटरचे ३.६० झालेत. मुलांनी वहीत त्या जागेवर लाल फुली मारली आहे. त्या घरी जाऊन बोलायचं कोणी, हे अजून ठरलेलं नाही.