ताडोबाला जायचंय? आधी महिना ठरवा

ताडोबाला जायचं ठरलं की बहुतेक घरांतून पहिला फोन रिसॉर्टला जातो. खोली पक्की होते, रजा मंजूर होते, रेल्वेची तिकिटं येतात आणि मग कळतं, की जवळच्या गेटवर सफारीच्या जागाच उरलेल्या नाहीत. क्रम उलटा ठेवला तर हा मनस्ताप टळतो. आधी महिना, मग गेट, मग सफारीचा परवाना आणि मुक्काम सगळ्यात शेवटी.

महिन्यावर एवढा भर अशासाठी, की ताडोबाचं जंगल सागवान आणि बांबूचं आहे, पानगळीचं आहे. ऋतू पालटला की तिथे दिसणारं सगळंच पालटतं. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रान हिरवंगार आणि देखणं दिसतं, पण गवत वाढलेलं आणि पाणी जागोजागी, त्यामुळे दहा पावलांवर बसलेलं जनावरही नजरेस पडत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या जिप्सीत थंडी अक्षरशः झोंबते. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नाले आटतात आणि जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येऊ लागतात. वाघ दिसण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त. तो पाण्यात बहुधा पाठमोरा शिरतो, आधी मागचे पाय आणि मग हळूहळू धड बुडवतो, तोंड मात्र कोरडं ठेवतो. हे पाहायला मे महिना खरा. पण सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर तो हट्ट धरू नये. माझी पसंती फेब्रुवारीअखेर ते मार्चला. साग विरळ होत असतो, पळस फुललेला असतो आणि ऊन सोसवतं.

वाराचंही पाहावं. मंगळवारी गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. शनिवार-रविवारी शुल्क जास्त आणि गर्दीही. जमत असेल तर बुधवार-गुरुवार धरा.

आता गेट. गाभा क्षेत्राला मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी आणि झरी अशी प्रवेशद्वारं आहेत. चंद्रपूर स्टेशनवर उतरणाऱ्यांना मोहर्ली सोयीचं. नागपूरहून गाडीने येणाऱ्यांना चिमूरकडचं कोलारा. नकाशावर ही गेटं शेजारीशेजारी वाटतात, पण गाभा आणि त्याभोवतीचा बफर मिळून हा व्याघ्र प्रकल्प १,७०० चौरस किलोमीटरहून मोठा आहे. एका गेटहून दुसऱ्याला जायचं तर जंगलाला वळसा घालावा लागतो. मुक्काम एकीकडे आणि पहाटेची सफारी दुसरीकडे असली की रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा.

बफरला दुय्यम मानू नका. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा या भागांतही वाघ आहेत, शिवाय तिथल्या पर्यटनाचा पैसा जंगलालगतच्या गावांत पोचतो. ज्यांच्या शेतात रानडुक्कर घुसतं आणि ज्यांची गुरं वाघ मारतो, त्या माणसांना जंगल टिकण्यातून काही मिळालंच पाहिजे.

परवाना वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. तशाच नावांची खासगी संकेतस्थळं बरीच आहेत. नाव ओळखपत्राप्रमाणे लिहा आणि तेच मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणून सहा जण जमवले तर खर्च बराच हलका होतो. गाभा क्षेत्रात मोबाइलला मनाई आहे, तेव्हा फोटो काढायचे असतील तर कॅमेरा न्या. कपडे मळखाऊ रंगाचे असावेत.

आत शिरल्यावर गाईड झाडीपेक्षा रस्त्याच्या धुळीकडे जास्त पाहतो. टायरच्या नक्षीवर पंजा उमटलेला असेल तर वाघ गाडी गेल्यानंतर तिथून गेला. पंजावरून टायर गेलेला असेल तर ठसा आधीचा. पुढचं काम कानांचं. चितळ ओरडलं की गाईड सावध होतो, पण लगेच विश्वास ठेवत नाही, कारण चितळ बिबट्याला किंवा रानकुत्र्यांनाही पाहून ओरडतं. उंच झाडावरचं वानर खॉक खॉक करू लागलं, की ते कोणत्या दिशेला तोंड करून बसलंय ते पाहायचं. आणि सांबराचा ‘पोंक’ असा खणखणीत आवाज थांबून थांबून येत राहिला, शेपूट ताठ आणि पाय आपटणं चालू असलं, तर चालक इंजिन बंद करतो. अशा वेळी गाडीत कुजबूजही नको. कधी पंधरा मिनिटं जातात, कधी तासभर, आणि कधी हे इशाऱ्याचे आवाज विरून जातात, वाघ बांबूतल्या बांबूत निघून जातो. तेवढ्यात ताडोबा तलावाच्या काठी ऊन खात पडलेली मगर, मोहाखालचं अस्वल, गव्यांचा कळप यांतलं काही दिसलं तर तेही डोळे भरून पाहावं.

‘वाघ दाखवा, बक्षीस देतो’ असं गाईडला कधी म्हणू नये. त्या दबावापायी गाड्या जनावराची वाट अडवतात. बाहेर पडायची वेळही काटेकोर असते. उशीर झाला तर कारवाई गाईडवर आणि चालकावर होते, त्यांची रोजी बुडते. म्हणून वाघ समोर असला तरी चालकाने गाडी वळवली की त्याला थांबवू नका. हे जड जाऊ नये म्हणून निदान तीन फेऱ्या आधीच घेऊन ठेवा: गाभ्यातली एक सकाळची, एक दुपारची, आणि बफरमधली एक.