संस्थेला दिलेली माहिती ही आपली ठेव आहे



बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर बघतो. खत घेतले तर पावती मागतो. पण एखाद्या सेवाभावी संस्थेच्या कार्यकर्त्याने फॉर्म पुढे केला, की नाव, गाव, मोबाइल, आधार नंबर, सात-बारा, घरातल्या आजाराची हकिकत, असे सगळे भराभर लिहून देतो आणि खाली सही किंवा अंगठा करून मोकळे होतो. "धर्माचं काम करतात, त्यांना काय विचारायचं?" अशी आपली समजूत असते.

संस्था कितीही चांगली असो, तिच्याकडे गेलेली माहिती कुठे राहते, कोण वाचतो आणि काम झाल्यावर तिचे काय होते, हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. शेजाऱ्याच्या कणगीत धान्य ठेवले तर ते त्याचे होत नाही. माहितीचेही तसेच आहे. ती आपली ठेव आहे, संस्था तिची राखणदार.

आपली माहिती कुठे कुठे जाते?

आकुर्डीचेच पाहा. ज्येष्ठ वद्यात तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघाली, की तिचा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम असतो. पालखीच्या वाटेवर निरनिराळी मंडळे आणि संस्था वारकऱ्यांची सेवा करतात. कोणी पाय चेपतो, कोणी औषध देतो. औषध देताना नाव, वय, गाव आणि दुखणे लिहून घेतले जाते. म्हणजे आपल्या मधुमेहाची किंवा रक्तदाबाची नोंद एका वहीत किंवा मोबाइलमध्ये झाली.

गावाकडच्या कामांचेही तेच. जानकीदेवी बजाज ग्रामविकास संस्था १९८७ साली स्थापन झाली. तिचे कार्यालय आकुर्डीचे. उरुळी कांचनला १९६७ साली मणिभाई देसाईंनी सुरू केलेल्या बाएफ संस्थेचे नाव तर गाई पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाणलोटाचे काम म्हटले की जमिनीचा गट नंबर लागतो. जनावराचे रेतन म्हटले की मालकाचे नाव लागते. गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबरसुद्धा सरकारी नोंदीत मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. मुलगा आकुर्डीला किंवा चाकणला कामाला गेला आणि एखाद्या संस्थेच्या प्रशिक्षण वर्गात बसला, की त्याचीही माहिती नोंदली जाते.

यात वाईट काही नाही. नोंद नसेल तर मदत योग्य माणसाला पोचली की नाही, हे कळणार कसे? प्रश्न आहे तो नोंद सांभाळण्याचा.

वही आणि कॉम्प्युटर यांत फरक काय?

त्र्यंबकेश्वरला गेलात तर तीर्थोपाध्याय नाव-गाव विचारून आपल्या आजा-पणजाची नोंद काढून दाखवतात. पिढ्यान् पिढ्या माहिती जपण्याची ही आपली जुनी रीत. पण ती वही एका घरात, एका पेटीत असते. ती चोरायची तर पेटीच उचलावी लागेल.

मोबाइलमध्ये भरलेल्या यादीचे तसे नाही. एका गावच्या दोनशे शेतकऱ्यांची यादी एका बोटाच्या दाबाने दहा ठिकाणी जाते आणि मूळ जागीही तशीच राहते. चोरी झाली हे महिनोन् महिने कळत नाही. म्हणून आता जास्त सावधगिरी हवी.

माहिती फुटली तर नुकसान कसले?

पहिले नुकसान पैशाचे. आधार जोडलेल्या खात्यातून अंगठा लावून पैसे काढता येतात. कागदावरचा ठसा उचलून त्यावरून नकली ठसा बनवायचा आणि परस्पर पैसे काढायचे, असे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. शिवाय आपले नाव, गाव आणि कोणत्या योजनेत अर्ज केला हे ज्याला माहीत आहे, त्याने फोनवर "तुमची मदत मंजूर झालीय, आलेला नंबर सांगा" म्हटले, की भल्याभल्यांचा विश्वास बसतो.

दुसरे नुकसान जमिनीचे. आकुर्डी-चाकण पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आहे. सात-बारा कोणालाही पाहता येतो. पण त्याच्या जोडीला आधारची प्रत, फोटो आणि सहीचा नमुना एकाच माणसाच्या हाती लागला, तर खोटे कुलमुखत्यारपत्र करणाराला आयते साहित्य मिळते.

तिसरे नुकसान अब्रूचे, आणि ते भरून निघत नाही. कर्त्या माणसाने आत्महत्या केलेल्या घराला मदत मिळाली, मुलाची फी माफ झाली, बाईला दीर्घ आजार निघाला. या गोष्टी गावभर झाल्या तर सोयरीक मोडते, पोरे शाळेत मान खाली घालतात. मदत घेतली म्हणून कोणाची अब्रू चव्हाट्यावर येता कामा नये.

चांगली संस्था माहिती कशी सांभाळते?

१. गरजेपुरतेच विचारते. रोपे वाटायची असतील तर नाव, गाव आणि क्षेत्र पुरे. त्यासाठी जात, आजार किंवा बँक खाते विचारण्याचे कारण नाही. मात्र काही ठिकाणी कागद द्यावेच लागतात. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. तिथे उत्पन्नाचा पुरावा मागणारच. आपण देणगी दिली आणि आयकरात सवलत हवी असेल, तर पॅन नंबरही मागतात. तो नियमाचाच भाग आहे.

२. कशासाठी हवी ते आधी सांगते. तेही आपल्याला समजेल अशा मराठीत. वाचता येत नसेल तर कार्यकर्ता वाचून दाखवतो आणि मगच सही घेतो.

३. कुलपात ठेवते. कागद असेल तर कपाटाला कुलूप. कॉम्प्युटर असेल तर परवलीचा शब्द, आणि तो ज्याला गरज आहे त्यालाच माहीत. नोकरी सोडून गेलेल्या कार्यकर्त्याला यादी उघडता येऊ नये, याची तजवीज लगेच केली जाते. लाभार्थ्यांची यादी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली जात नाही.

४. नावाऐवजी नंबर वापरते. एच.आय.व्ही.च्या कामातली ही पद्धत शिकण्यासारखी आहे. ट्रकचालक आणि बाहेरगावाहून आलेले कामगार यांच्यात संस्था हे काम करतात. तपासणीच्या नोंदी नंबरावर चालतात. नंबर कोणाचा, हे मोजक्याच माणसांना माहीत असते. याबद्दल २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. काही ठरावीक अपवाद सोडले तर बाधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय तिचा आजार कोणाला सांगता येत नाही. ज्यांच्याकडे अशा नोंदी आहेत, त्यांनी त्या सुरक्षित ठेवल्याच पाहिजेत.

५. फोटो विचारून काढते. शिलाई मशीन घेताना बाईचा फोटो निघतो आणि तो अहवालात छापून येतो. फोटो हीसुद्धा माहितीच. "फोटो नको" म्हटले म्हणून मदत अडवणे बरोबर नाही.

६. काम झाल्यावर माहिती काढून टाकते. हिशेबाच्या पावत्या आणि लेखापरीक्षणाचे कागद कायद्याने ठेवावे लागतात. ते सोडून बाकीची माहिती जुन्या बियाण्यासारखी आहे. साठवून उपयोग नाही, कीड मात्र लागायची.

कायदा काय सांगतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संस्था आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. मधला काळ तयारीसाठी दिलेला आहे.

या कायद्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

संमती मोकळेपणाने दिलेली आणि ठरावीक कामापुरतीच असली पाहिजे. दिलेली संमती मागे घेता येते, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. माहिती मागतानाची सूचना मराठीत मिळण्याची सोय हवी. आपली कोणती माहिती संस्थेकडे आहे हे विचारता येते. चूक दुरुस्त करून घेता येते. नको असेल ती पुसायला सांगता येते. आपल्या पश्चात हे हक्क कोणी वापरावेत, तेही नेमून देता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना आई-वडिलांची संमती लागते. माहिती फुटली तर संस्थेने ज्याची माहिती फुटली त्याला आणि केंद्राच्या माहिती संरक्षण मंडळाला कळवले पाहिजे. राखण नीट केली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

संस्था धर्मादाय आहे एवढ्याच कारणाने तिला या कायद्यातून सूट नाही. मात्र एक मेख लक्षात ठेवा. कायदा कॉम्प्युटरवर असलेल्या किंवा कागदावरून पुढे कॉम्प्युटरवर चढवलेल्या माहितीला लागू आहे. निव्वळ कागदावर राहिलेली माहिती त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून कागद देताना काळजी आपणच घ्यायची.

कागद देण्यापूर्वी एवढे करा

अ) संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता विचारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाला तो सांगायला अडचण नसते.

ब) चार प्रश्न विचारा: ही माहिती कशाला? कोण पाहणार? दुसऱ्या कोणाला देणार का? किती दिवस ठेवणार? सरळ उत्तर मिळाले नाही तर "उद्या देतो" म्हणा आणि घरी विचार करा.

क) आधारची अशी प्रत मिळते, की तिच्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. चालत असेल तिथे तीच द्या. सेवा केंद्रातून काढलीत तर त्यांच्या कॉम्प्युटरवरची प्रत समोरच पुसून घ्या.

ड) झेरॉक्सवर आडव्या अक्षरात संस्थेचे नाव, काम आणि तारीख लिहा. उदाहरणार्थ, "फक्त ठिबक संचाच्या अर्जासाठी". मग ती प्रत दुसऱ्या कामाला वापरणे अवघड जाते.

इ) कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही-अंगठा करू नका. भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

ई) आधारच्या अंगठ्याला कुलूप लावण्याची सोय आहे. कुलूप असेपर्यंत तुमचा अंगठा कोणालाच चालवता येत नाही. रेशनला जाताना मात्र आठवणीने उघडा, नाहीतर दुकानात खोळंबा होईल. माहितीसाठी १९४७ या नंबरवर फोन करा.

उ) फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका. समोरचा संस्थेचे नाव घेवो की बँकेचे.

गडबड झालीच तर?

पैसे गेले असतील तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या नंबरवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. माहितीचा गैरवापर दिसला तर आधी संस्थेला लेखी पत्र द्या, पोच घ्या. न्यासाच्या कारभाराबद्दलच तक्रार असेल तर धर्मादाय सहआयुक्तांच्या पुणे कार्यालयात अर्ज करता येतो. फसवणूक असेल तर पोलीस ठाणे आहेच. खोटी तक्रार मात्र करू नका. माहिती संरक्षण मंडळाकडे खोटी तक्रार केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

शेवटी एक विनंती. हे वाचून चांगल्या संस्थेला दारातून परत पाठवू नका. आपल्या अडचणीला धावून येणारी माणसे थोडी असतात. त्यांना बसायला घाला, पाणी द्या आणि चार प्रश्न विचारा. जी संस्था मनापासून काम करते, तिला या प्रश्नांचा राग येत नाही. गावातल्या बचत गटाचे, दूध संस्थेचे, गणेश मंडळाचे पदाधिकारी आपल्यापैकीच आहेत. त्यांच्याही कपाटात लोकांच्या आधारच्या प्रती पडून असतात. येत्या महिन्यात एकदा ते कपाट उघडून बघा आणि नको असलेले कागद फाडून नष्ट करा.

याबाबत शंका असल्यास कार्यक्रमाला पोस्टकार्ड लिहा. फक्त कार्डावर आपला आधार नंबर लिहू नका, तेवढे बघा!