काट्यांत अडकलेले भोवरे

कापूसवेचणीच्या दिवसांत उमरीच्या वाटेने भरलेल्या गाड्या जाऊ लागल्या, म्हणजे दुतर्फा बाभळींच्या काट्यांत कापसाचे पुंजके अडकून राहतात. वाऱ्याने ते थरथरतात, पण सुटत नाहीत. अतिसंवाहक पदार्थांतील एक नवल समजण्यास हे दृश्य फार उपयोगी आहे.

तांब्याच्या तारेतून वीज वाहताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जातेच. १९११ साली हॉलंडमध्ये कॅमरलिंग ओनेस यांना असे आढळले, की पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला असता त्याचा विद्युत्-रोध समूळ नाहीसा होतो. पुढे १९८७ साली यिट्रियम, बेरियम व तांबे यांचे असे एक ऑक्साइड सापडले, की ज्याला उणे १८१ अंशांची थंडी पुरते. द्रवरूप नायट्रोजन याहूनही थंड असतो, आणि तो स्वस्तात मिळतो.

मग या पदार्थाच्या तारा केल्या, की काम झाले, असे तुम्हांस वाटेल. तसे नाही. चुंबकक्षेत्र प्रबळ झाले म्हणजे त्याच्या बलरेषा बारीक नळ्यांच्या रूपाने या पदार्थात शिरतात. प्रत्येक नळीभोवती वीज भोवऱ्यासारखी फिरत असते. तारेतून प्रवाह सोडला, की तो या भोवऱ्यांना बाजूस लोटतो. आणि भोवरे सरकू लागले, की ऊर्जा खर्च होऊन गेलेला रोध परत येतो!

निर्दोष स्फटिकात त्यांना अडविणारे काहीच नसते. जेथे स्फटिकाची रचना बिघडलेली असते, तेथे मात्र अतिसंवाहकता मुळातच दुबळी असते. भोवऱ्याच्या गाभ्यातही ती नसतेच. म्हणून अशा जागी ठाण मांडणे त्याला कमी ऊर्जेचे पडते. हा दोष म्हणजेच बाभळीचा काटा होय. यास्तव शास्त्रज्ञ बेरियम झिर्कोनेटसारख्या पदार्थाचे अतिसूक्ष्म कण त्यात मुद्दाम मिसळतात. काटे फार झाले, तर विजेलाच वाट उरत नाही, हेही खरे. शिवाय उणे दोनशे अंशांच्या आसपासची उष्णतासुद्धा भोवऱ्यांना हिसके देत असते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नायोबियम डायसेलेनाइडच्या स्फटिकांवर या विषयाचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. तेथे भोवऱ्यांची रेखीव मांडणी विसकटली, की त्यांची पकड ढिली न होता उलट घट्ट होते.

या ऑक्साइडची चकती चुंबकाजवळ धरून द्रव नायट्रोजनने थंड केली, तर ती अधांतरी खिळून राहते. चुंबक उलटा केला, तरी ती त्याच्याखाली तेवढेच अंतर राखून लोंबकळते.