जुना व्हिटा आणि हाताने घातलेले अपडेट

आखातातून सुट्टीवर आलेल्या मामूंच्या किंवा चाचांच्या सामानातून खजूर आणि अत्तराबरोबर कधी कधी मुलांसाठी एखादा वापरलेला गेमचा कन्सोल निघतो. सोनीचा पीएस व्हिटा हा त्यातलाच एक. डिसेंबर २०११ मध्ये तो जपानात विक्रीला आला आणि २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे आज हातात येणारा व्हिटा बहुतेक वेळा कोणीतरी वापरलेलाच असतो, आणि पुष्कळदा आधीच्या मालकाने तो ‘मॉड’ केलेला असतो. मॉड करणे म्हणजे कंपनीने आत घातलेले कुलूप उघडून बाहेरचे सॉफ्टवेअरही चालेल असे करणे. जुलै २०१६ मध्ये हेन्काकू नावाची युक्ती बाहेर आली. ती ३.६० क्रमांकाच्या सिस्टीमवर चालत असे. म्हणूनच असे कितीतरी व्हिटा अजून त्याच जुन्या सिस्टीमवर मुद्दाम थांबवून ठेवलेले आढळतात.

घरातला मुलगा किंवा मुलगी येऊन विचारते, “अम्मी, अपडेट करू?” तेव्हा आधी विचारावे, कशाचे? अपडेट दोन असतात आणि त्यांची गल्लत केली की सगळे बिघडते. एक खुद्द यंत्राच्या सिस्टीमचे. ते दाबले की मॉड पुसला जाऊ शकतो, आणि मग मागच्या सिस्टीमवर परतणे सोपे नसते. दुसरे एखाद्या गेमचे. त्याला पॅच म्हणतात. गेम छापून बाजारात गेल्यानंतर सापडलेल्या चुका त्यात दुरुस्त केलेल्या असतात. अमुक ठिकाणी खेळ अडकतो, सेव्ह होत नाही, अशा तक्रारींवरचा इलाज बहुधा पॅचमध्येच असतो. मॉड केलेल्या यंत्रावर पहिल्या अपडेटला हात लावायचा नाही आणि दुसरे आपल्या हाताने घालायचे, एवढे मुलाला कळले की अर्धे काम झाले.

हाताने का? कारण साधे आहे. कंपनीच्या सेवेत शिरायचे तर सिस्टीम नवी लागते, आणि इथे ती जुनी ठेवलेली असते. शिवाय जुन्या यंत्रांची दुकाने किती दिवस उघडी राहतील याचा भरवसा नसतो. मार्च २०२१ मध्ये सोनीने व्हिटाचे ऑनलाइन दुकान बंद करण्याची घोषणा केली होती. ग्राहकांनी ओरड केल्यावर एप्रिलमध्ये तो निर्णय मागे घेतला. त्या वेळी दुकान वाचले. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू दुरुस्त ठेवण्याची सोय दुसऱ्याच्या मर्जीवर असते, हे त्यातून दिसले.

आता प्रत्यक्ष काम. प्रत्येक गेमला नऊ अक्षरांची एक ओळख असते, पहिली चार अक्षरे आणि पुढे पाच आकडे. पीसीएसई हा अमेरिकेचा, पीसीएसबी युरोपचा, पीसीएसजी जपानचा. नाव एकच असले तरी ओळख वेगळी असेल तर तो गेम वेगळाच समजावा. जपानी कार्डाला अमेरिकन पॅच बसत नाही. बहुतेक मुले इथेच चुकतात, कारण चित्र सारखे दिसते. शाळेच्या हजेरीत एकाच नावाची दोन मुले असली तर आम्ही हजेरी क्रमांकावरून ओळखतो, तसेच हे.

पॅच संगणकावर उघडला की ज्या फोल्डरचे नाव ही ओळख असते, तो फोल्डर मेमरी कार्डावरच्या ‘पॅच’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. ‘ॲप’ नावाचा शेजारी असतो, त्यात नाही. मूळ गेम जिथे असतो तिथेच राहतो. गेम सुरू करताना यंत्र आधी पॅचमध्ये बघते. तिथे फाईल सापडली तर ती घेते, नाही तर मूळची. वहीतल्या चुकलेल्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवावी तसा हा प्रकार आहे. खालची ओळ शाबूत राहते.

फाईल नेण्यासाठी व्हिटाशेल नावाचे साधन बहुतेक मॉड केलेल्या यंत्रांवर असतेच. त्यात सिलेक्टचे बटण दाबले की केबलने किंवा वायफायने संगणकाशी जोडणी होते. सगळे ठेवून झाल्यावर त्रिकोणाच्या बटणातून ‘रिफ्रेश लाइव्हएरिया’ करायचे, म्हणजे यंत्राला नव्या फाईलची खबर लागते. बॅटरी भरलेली असू द्या. आणि सगळ्यांत आधी त्या गेमचा सेव्हडेटा संगणकावर उतरवून घ्या. महिनाभर खेळून मिळवलेली मजल गेली तर मूल जेवत नाही, हे घरच्यांना वेगळे सांगायला नको.

काही पॅच नवी सिस्टीम मागतात आणि जुन्यावर चालायला नकार देतात. त्यावरही तोडगे निघाले आहेत, पण नवख्याने तिथे थांबून जाणत्याला विचारावे. अपडेटच्या नावाखाली आलेली फाईल उघडताना यंत्र धोक्याचा इशारा देऊन जादा परवानगी मागू लागले, तर सरळ ‘नाही’ म्हणावे. मॉड केलेल्या यंत्राला कुलूप उरलेले नसते. आत येणारा कोण, हे आपणच बघायचे.

आता हक्काची गोष्ट. आपण विकत घेतलेल्या गेमची दुरुस्ती घालणे एक, आणि पॅचबरोबर आयता आख्खा गेमच फुकट उतरवून घेणे दुसरे. फोल्डर शेजारी शेजारी असल्याने मुलाला दोन्ही सारखेच वाटतात. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-अ प्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ही तरतूद २०१२ मध्ये आली. तिथे हेतूला महत्त्व आहे. दुसऱ्याच्या मेहनतीची वस्तू दाम न देता घेणे म्हणजे काय, हे आपल्या घरांत मुलांना निराळे समजवावे लागत नाही. फक्त ती वस्तू फाईल असली तरी वस्तूच असते, एवढे सांगावे लागते. आमचा अनुभव असा, की कारण सांगितले तर मुले ऐकतात. नुसते “गुनाह आहे” म्हटले की लपवून करतात.

पॅच घातल्यावर गेम उघडलाच नाही, तर घाबरू नये आणि यंत्र फॉरमॅट तर मुळीच करू नये. ‘पॅच’मधला त्या ओळखीचा तेवढा एक फोल्डर काढून टाकायचा आणि पुन्हा रिफ्रेश करायचे. खालचा मूळ गेम परत दिसतो. मग ओळखीची नऊ अक्षरे एकदा नीट जुळवून बघायची.