हजेरीपटातल्या फुल्या

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबाबत 15 मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. मला मनापासून आनंद झाला. पुढे पनवेलजवळच्या विचुंब्यात शेजारच्या एका मुलाने सांगितलं की त्याच्या महाविद्यालयात समुपदेशकाची पाटी लागली, पण काम परीक्षा विभाग सांभाळणाऱ्या मॅडमच्याच गळ्यात पडलं. केटी लागल्याचं, म्हणजे विषय राहिल्याचं, ज्यांच्याकडून कळतं, त्यांच्याकडेच जाऊन मन कसं मोकळं करायचं?

ही वेळ कशी आली हे शोधत मागे गेलं, तर नव्वदच्या दशकाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. गाईड, क्लास, गुणवत्ता यादी. 1998 मध्ये लोकल पनवेलपर्यंत आली आणि इथल्या महाविद्यालयांत मुलं लांबून येऊ लागली, इतकंच.

मन अडकतं ते 2010 नंतरच्या दशकात. 2010च्या जानेवारीत राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक येत होत्या. त्याच वर्षी दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आलं, 2016 मध्ये कलचाचणी आली. गुणांचं ओझं हलकं करायचे हे प्रयत्न चांगलेच होते. पण मुलाकडे लक्ष ठेवणारं माणूस त्याच काळात महाविद्यालयांतून कमी होत गेलं, याचा राग अजून जात नाही.

मी याच परिसरात शिकवत असताना गणिताचे एक सर होते. हजेरीपटात सलग तीन फुल्या दिसल्या की ते मागच्या बाकावर विचारायचे, “अरे, तो कुठंय? बरा आहे ना?” संध्याकाळी तो मुलगा स्टाफरूममध्ये बसलेला दिसायचा. चहा यायचा. अभ्यासाचा विषय निघायचाच नाही. घरचं आजारपण निघायचं, थकलेली फी निघायची. सरांनी समुपदेशनाचं शिक्षण घेतलं नव्हतं, आणि गरज वाटली तर ते मुलाला स्वतः डॉक्टरकडे घेऊन जायचे. ते निवृत्त झाले आणि जागा रिकामी राहिली. 2017 मध्ये शासनाने पदभरतीवर निर्बंध आणले आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वाढत गेले. तासाच्या मानधनावर एका महाविद्यालयातून दुसरीकडे धावणाऱ्या तरुणाने फुल्या कधी मोजाव्यात? त्याला दोष देणं अन्याय आहे.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात संगणकावरच्या पेपर तपासणीचा घोळ झाला. निकाल महिनोन्महिने रखडले, कुलगुरूंना पद सोडावं लागलं. मुलांच्या मनावर त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात काय गुदरलं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पुढे कोविड. 2021चा दहावीचा निकाल 99.95 टक्के, तोही परीक्षेविना. ती मुलं पदवीला आली आणि अनेकांनी नापास होणं पहिल्यांदाच अनुभवलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार त्याआधी, 2022 मध्येच, देशात 13,044 विद्यार्थ्यांनी जीवन संपवलं. त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक.

‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक 2022 पासून आहे, तो प्रत्येक वर्गात लावावा. पण दोन खोल्यांच्या घरात, आईवडिलांच्या देखत, एकोणीस वर्षांची मुलगी फोनवर काय बोलणार? तिला महाविद्यालयातच दार लावता येईल अशी खोली हवी, आत स्वतंत्र पगारावरचं, परीक्षेशी संबंध नसलेलं माणूस हवं. आणि प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरायला हव्यात. हे यंदाच्या पहिल्या सत्राचा निकाल लागण्याआधी व्हावं.